शीतप्रदेशातील निवासवाहनाची रात्र : उष्णता, हवा, बाष्प आणि वीज यांचा ताळेबंद

१. विषयप्रवेश

मोटारगाडीच्या पोटातच निजण्याची, स्वयंपाकाची आणि बसण्याउठण्याची सोय करून तिचे फिरते घर बनविण्याची प्रथा युरोप-अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर चांगलीच रुळली. आपल्याकडे ती अलीकडची आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. आणि लहानशा व्हॅनमध्ये बिछाना व ओटा बसवून थेट लडाखपर्यंत जाणारे मराठी प्रवासीही आता आढळू लागले आहेत. या वाहनास प्रस्तुत लेखात ‘निवासवाहन’ असे म्हटले आहे. ‘कॅम्पर’ हा शब्द बोलण्यात रूढ आहेच.

पुण्याची किंवा नाशिकची थंडी आपणांस परिचित आहे. ती स्वेटर आणि गोधडी यांनी भागते. परंतु बाहेर शून्याखाली १८ अंश तापमान असता पत्र्याच्या लहानशा खोलीत रात्र काढणे हा निराळ्या जातीचा प्रश्न आहे, आणि त्याविषयी आपला स्वाभाविक अंदाज बहुधा चुकतो. तो अंदाज असा की, थंडी हा एकमेव शत्रू असून सर्व फटी बंद करणे आणि आत काहीतरी पेटविणे हे त्यावरील दोन उपाय होत. या अंदाजाची किंमत मोठी आहे. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन या थंड हवेच्या ठिकाणी, खिडक्या-दारे बंद करून गॅसची शेगडी लावून झोपलेले केरळातील आठ पर्यटक मृत्युमुखी पडले. त्यांत चार मुले होती. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे हिमवृष्टीत रस्त्यावर अडकलेल्या मोटारींत रात्र काढणाऱ्यांपैकी किमान २२ जण दगावले. त्यांतील काहींचा बळी थंडीने घेतला, तर काहींचा विषारी वायूने, असे त्या वेळच्या वृत्तांवरून दिसते.

या लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : निवासवाहनातील रात्रीचा प्रश्न हा केवळ उष्णता निर्माण करण्याचा प्रश्न नाही. उष्णता, हवा, बाष्प आणि वीज असे चार हिशेब तेथे एकाच वेळी जुळवावयाचे असतात. हे हिशेब प्रत्यक्ष आकड्यांनी मांडले म्हणजे एक अनपेक्षित गोष्ट ध्यानात येते. ती ही की, ज्या ताज्या हवेला प्रवासी सर्वांत महाग समजतो, तीच या चारही खात्यांत सर्वांत स्वस्त आहे.

२. उदाहरणाची मांडणी

विवेचन मोघम राहू नये म्हणून एक ठरावीक उदाहरण घेऊ. स्थळ लेह, समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ३५०० मीटर. काळ डिसेंबर-जानेवारी. बाहेरील तापमान शून्याखाली १८ अंश सेल्सियस. लेहच्या कडक थंडीच्या रात्री हे असंभाव्य नाही. आत १२ अंश तापमान राखावयाचे आहे. १२ अंश हे आरामाचे तापमान नव्हे, परंतु पांघरुणात शिरलेल्या माणसास ते पुरते. आतबाहेरचा फरक अशा रीतीने ३० अंशांचा झाला.

निवासवाहनाचा राहावयाचा भाग ३ मीटर लांब, १.६ मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच असा पेटीसारखा आहे असे मानू. त्याचे घनफळ सुमारे ८.६ घनमीटर आणि सर्व बाजूंचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २६ चौरस मीटर भरते. त्यापैकी २ चौरस मीटर काच आहे. आत दोन माणसे झोपतात. रात्रीचा हिशेब १२ तासांचा धरला आहे.

३५०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. या एका गोष्टीचे परिणाम पुढे प्रत्येक खात्यात दिसून येतील.

३. उष्णतेची गळती

पत्र्यातून होणाऱ्या गळतीचा विचार करताना एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. पत्रा स्वतः उष्णतेस जवळजवळ मुळीच अडवीत नाही. उघड्या पत्र्याच्या भिंतीस जो काही रोध असतो तो तिच्या आतल्या व बाहेरल्या अंगास चिकटून राहणाऱ्या हवेच्या पातळ थरांचा असतो. हे दोन्ही थर जमेस धरले असता दर चौरस मीटरमागे, तापमानातील दर अंश फरकास, सुमारे ५.९ वॅट उष्णता बाहेर जाते. २६ चौरस मीटर आणि ३० अंश यांनी गुणले असता ही गळती ४६०० वॅटच्या घरात जाते. एखाद्या घरातील दोन मोठे विद्युत् तापक अखंड चालविण्याइतकी ही उष्णता होय. एवढी उष्णता रात्रभर पुरविणे लहान वाहनास अशक्यप्राय आहे.

आता याच पत्र्यास आतून २५ मिलिमीटर जाडीचा उत्तम फोमचा थर लावला, तर हाच आकडा ५.९ वरून सुमारे १.१३ वर उतरतो. काच तशीच उघडी ठेवली तर २४ चौरस मीटर भिंतीतून ८१४ वॅट आणि २ चौरस मीटर काचेतून ३४२ वॅट, मिळून ११५६ वॅट गळती होते. म्हणजे क्षेत्रफळाचा केवळ तेरावा हिस्सा असलेली काच एकूण गळतीपैकी जवळजवळ तीन-दशांश एकटी करते. त्याच काचेवर २० मिलिमीटर फोमची, चौकटीत घट्ट बसणारी झडप रात्री लावली, तर तिची गळती ३४२ वरून ८१ वॅटवर येते आणि एकूण आकडा सुमारे ८९५ वॅट होतो. काही शेकडा रुपयांच्या फोमने रात्रीची चौथा हिस्सा उष्णता येथे वाचते. पडदा हे काम करू शकत नाही, कारण पडदा आणि काच यांच्यामधील थंड झालेली हवा खालून खोलीत ओघळते व वरून ऊबदार हवा तिची जागा घेते.

दोन गोष्टींची येथे नोंद करावी. पहिली अशी की, व्हॅनच्या सांगाड्यातील पोलादी फासळ्या फोममधून आरपार डोकावत राहिल्या तर वरील हिशेब कोलमडतो. पोलादाची उष्णतावाहकता फोमच्या सुमारे चौदाशेपट आहे, म्हणून फासळ्यांवरही पातळ का होईना थर हवाच. दुसरी गोष्ट छपराची. लेहचे आकाश कोरडे व निरभ्र असते, त्यामुळे छपराचा पत्रा प्रारणाने आकाशास उष्णता देत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. फोम कोठे कमी पडतच असेल तर तो छपराखाली तरी पडू देऊ नये.

४. ताज्या हवेची किंमत

फट बंद करणारा प्रवासी मनाशी असे म्हणत असतो की, बाहेरची हवा आत आली की ऊब गेली. हे म्हणणे आकड्यांत तपासून पाहू.

दोन झोपलेल्या माणसांसाठी ताशी २० घनमीटर ताजी हवा आत घेतली, तर लेहच्या विरळ हवेत आतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण पाव टक्क्याच्या आसपास स्थिर राहते. शहरी वर्गखोल्यांच्या मानाने हे प्रमाण जास्त असले तरी झोपेस ते चालण्यासारखे आहे. लेहच्या हवेची घनता दर घनमीटरला साधारण ०.८५ किलोग्रॅम धरली तर या हवेस ३० अंशांनी तापविण्यास सुमारे १४० वॅट उष्णता लागते. आपण वर पाहिलेल्या उघड्या काचेच्या गळतीच्या निम्म्याहूनही ही कमी आहे.

आता दुसरी बाजू पाहावी. झोपलेले प्रौढ माणूस साधारणतः ७० वॅट उष्णता आपल्या देहातून बाहेर टाकीत असते. दोघांची मिळून १४० वॅट होते. याचा अर्थ असा की, दोन माणसांना श्वासासाठी जी ताजी हवा लागते, ती तापविण्याचा सारा खर्च त्यांचे स्वतःचे देहच भागवितात. हवेचे खाते अशा रीतीने जमाखर्चास बरोबर उतरते. ताजी हवा बंद करून जो काही लाभ होतो तो एवढाच, आणि त्यासाठी जी जोखीम पत्करावी लागते तिचे स्वरूप पुढील दोन खात्यांत दिसून येईल.

५. बाष्पाचा हिशेब

श्वास व त्वचा यांवाटे एक झोपलेले माणूस ताशी सुमारे ३० ते ३५ ग्रॅम पाणी हवेत सोडते. दोन माणसांचे ताशी ६५ ग्रॅम धरले तर १२ तासांत पाऊण लिटरहून थोडे अधिक पाणी त्या पेटीत बाष्परूपाने मिसळते. हे पाणी कोठे जाते?

शून्याखाली १८ अंशांची हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात दर घनमीटरला जेमतेम १ ग्रॅम बाष्प मावते. हीच हवा आत येऊन १२ अंशांपर्यंत तापली की तिची धारणशक्ती १०.६ ग्रॅम होते. म्हणून थंड प्रदेशातील बाहेरची हवा ही एखाद्या कोरड्या टिपकागदासारखी काम करते. ती आत येते कोरडी आणि जाते ओली होऊन. ताशी २० घनमीटर हवा खेळती असेल तर आतील हवेत दर घनमीटरला ४ ग्रॅमहून किंचित अधिक बाष्प राहते, सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास असते आणि दवबिंदू शून्याच्याही थोडा खाली जातो. फोम लावलेल्या भिंतीचा आतला पृष्ठभाग आपल्या उदाहरणात सुमारे ७.६ अंशांवर असतो. तो दवबिंदूच्या वर असल्याने कोरडा राहतो. उघड्या काचेचा आतला पृष्ठभाग मात्र शून्याखाली ११ अंशांवर असल्याने तिच्यावर हिमकण जमतात. सकाळी काचेवर पांढरी नक्षी दिसते, तिचे कारण हेच.

आता हवा कमी करून ताशी ५ घनमीटर केली असे समजा. ६५ ग्रॅम पाणी ५ घनमीटर हवेत वाटले तर दर घनमीटरला १३ ग्रॅम येतात. १२ अंशांची हवा एवढे बाष्प धारण करूच शकत नाही. उरलेले पाणी भिंतीवर, फासळ्यांवर, गादीच्या खालच्या अंगास आणि पांघरुणाच्या बाहेरील थरात साचते. पहिल्या रात्री हे केवळ गैरसोयीचे वाटते. परंतु ओला झालेला थर उष्णता अडविण्याचे आपले सामर्थ्य गमावून बसतो. दुसऱ्या रात्री गळती वाढते, तिसऱ्या रात्री पांघरूण जड व गार लागते. प्रवासी समजतो की थंडी वाढली. वस्तुतः त्याने हवा अडवून ऊब राखण्याऐवजी ऊब राखणारी साधनेच भिजविलेली असतात.

६. उघडी ज्योत : परिचित शत्रू

आपल्या जुन्या घरांत शेगडीशी आपला फार जवळचा संबंध होता. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र होती. धूर ओसरलेले लाल निखारे निरुपद्रवी असतात ही समजूत याच परिचयातून आली. वस्तुतः धूर नाहीसा होणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नाहीसा होणे नव्हे. त्या वायूस रंग नाही, वास नाही. त्या घरांत अनर्थ विरळा होई याचे श्रेय शेगडीस नव्हे, तर कौलांच्या असंख्य फटींतून आपोआप होणाऱ्या वायुवीजनास द्यावे लागेल. पत्र्याच्या व्हॅनला कौले नसतात.

स्वयंपाकाच्या गॅसची उघडी शेगडी रात्रभर पेटवून ९०० वॅट उष्णता मिळवावयाची म्हटले तर १२ तासांत सुमारे ०.८४ किलोग्रॅम गॅस जळेल. त्या ज्वलनास सुमारे ३ किलोग्रॅम ऑक्सिजन लागेल. आपल्या पेटीत असलेल्या सर्व हवेतील ऑक्सिजन मात्र जेमतेम १.६ किलोग्रॅम आहे. म्हणजे शेगडीस त्या खोलीतील सगळ्या ऑक्सिजनच्या जवळजवळ दुप्पट ऑक्सिजन हवा असतो, आणि तो ती झोपलेल्यांच्या वाट्यातून घेऊ लागते. ऑक्सिजन कमी पडू लागला की ज्वलन अपुरे होते व कार्बन मोनॉक्साइड वाढू लागतो. याशिवाय त्याच ज्वलनातून सुमारे १.३ लिटर पाणी बाष्परूपाने आत सुटते. दोन माणसांच्या पाऊण लिटरमध्ये त्याची भर पडते. उघड्या ज्योतीने तापविलेली खोली सकाळी ओलीचिंब असते ती यामुळे.

कार्बन मोनॉक्साइडला रक्तातील हीमोग्लोबिनविषयी असलेली ओढ ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक आहे. म्हणून हवेत त्याचे अत्यल्प प्रमाण असले तरी ते रक्तात हळूहळू साठत जाते, आणि साध्या हवेत गेल्यावरही त्याचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास चार-पाच तास लागतात. ३५०० मीटर उंचीवर या गोष्टीस आणखी एक भयंकर पैलू आहे. डोके दुखणे, मळमळ, थकवा, गुंगी ही कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेची लक्षणे होत. आणि सपाट प्रदेशातून नुकत्याच लेहला आलेल्या माणसास विरळ हवेमुळे जो त्रास होतो त्याची लक्षणेही अगदी हीच. साहजिकच प्रवासी म्हणतो, ‘उंचीमुळे होत असेल, झोपलो की बरे वाटेल.’ तो झोपतो, आणि शरीराने दिलेली एकमेव सूचना वाया जाते. म्हणून उंच प्रदेशात वाहनात झोपलेल्याचे डोके दुखू लागले तर प्रथम दार उघडून बाहेर यावे, आणि कारणाचा विचार नंतर करावा. सर्वांचेच डोके एकाच वेळी दुखत असेल, किंवा बाहेर आल्यावर उतार पडत असेल, तर दोष उंचीचा नसून हवेचा आहे असे धरून चालावे, आणि वैद्यकीय मदत मिळवावी. धोक्याची सूचना देणारे यंत्र डोक्याजवळ लावणे हा या खात्यातील सर्वांत लहान खर्च आहे. मात्र ते किती थंडीपर्यंत चालते हे घेतानाच पाहावे.

मोटारीचे इंजिन चालू ठेवून ऊब घेणे हाही याच प्रकारचा धोका होय. हिम साचून धूर सोडणारी नळी बुजली की तो धूर गाडीखाली कोंडतो आणि तळातील फटींतून आत शिरतो.

७. ज्वलनाचा श्वास वेगळा ठेवणे

मग उष्णता मिळवावी कशी? याचे तत्त्व लडाखी घरांनी केव्हाच सांगून ठेवले आहे. तेथील स्वयंपाकघरातील लोखंडी चूल किंवा खोलीतील बुखारी यांना धुराडे असते. विस्तव आत असला तरी त्याचा उच्छ्वास बाहेर जातो. निवासवाहनांसाठी बनविलेल्या डिझेल-तापकात हेच तत्त्व पूर्णत्वास नेलेले आहे. त्याचा ज्वलनकक्ष बंदिस्त असतो. ज्वलनासाठी हवा गाडीखालून एका नळीने घेतली जाते आणि धूर दुसऱ्या नळीने गाडीखालीच बाहेर सोडला जातो. आतील हवा ज्वलनकक्षाच्या केवळ बाहेरील अंगावरून पंख्याने फिरविली जाते. खोलीतील हवा आणि ज्योतीची हवा यांची कोठेही भेट होत नाही, म्हणून ऑक्सिजनही कमी होत नाही आणि बाष्पही वाढत नाही.

आपल्या उदाहरणात भिंती व काच यांची ८९५ वॅट आणि हवेची १४० वॅट गळती, उणे दोन देहांचे १४० वॅट, म्हणजे सुमारे ९०० वॅट उष्णता तापकाने पुरवावयाची आहे. १२ तासांची ही १०.८ युनिटे झाली. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिटे ऊर्जा असते. त्यातील आठ आपल्या हाती लागतात असे धरले तर रात्रीस सुमारे १.३५ लिटर डिझेल पुरते.

तीन सावधगिऱ्या मात्र आवश्यक आहेत. पहिली विरळ हवेची. तापकाचा पंप सपाटीवर जेवढे इंधन सोडतो तेवढेच लेहलाही सोडीत राहिला, तर एक-तृतीयांशाने कमी झालेल्या हवेत ते पुरते जळत नाही. काजळी धरते आणि काही दिवसांत तापक बंद पडतो. म्हणून उंचीप्रमाणे इंधन कमी करण्याची व्यवस्था असलेलाच तापक घ्यावा, आणि त्याची शक्तीही त्याच प्रमाणात घटते हे लक्षात ठेवावे. २००० वॅटच्या तापकाकडून तेथे १३०० वॅटच अपेक्षावे. आपल्या ९०० वॅटच्या गरजेस ते पुरे आहेत, परंतु फोम न लावलेल्या व्हॅनला ते मुळीच पुरणार नाहीत. दुसरी सावधगिरी इंधनाची. कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमधील मेणाचे कण गोठून गाळणी बुजते. याच कारणासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी शून्याखाली ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल उपलब्ध केले. सपाट प्रदेशात टाकी काठोकाठ भरून वर जाणारा प्रवासी मात्र ते सोडून साधे डिझेलच बरोबर वाहून नेतो. वर पोहोचताना टाकी शक्य तितकी रिकामी असावी आणि मग तेथील डिझेल भरावे. तिसरी सावधगिरी नळ्यांची. झोपण्यापूर्वी, आणि हिम पडत असेल तर रात्री उठूनही, दोन्ही नळ्यांची तोंडे मोकळी आहेत हे पाहावे. धुराची नळी ताज्या हवेच्या झरोक्याखाली येऊ देऊ नये.

स्वयंपाकाच्या गॅसविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यातील ब्यूटेन हा घटक सपाटीवर शून्याच्या अगदी थोडा खाली उकळतो, प्रोपेन शून्याखाली ४२ अंशांस. बाहेर ठेवलेल्या टाकीतून थंडीत प्रथम प्रोपेन निघून जातो आणि ब्यूटेन द्रवरूपातच पडून राहतो. टाकी जड लागते, पण ज्योत लागत नाही. हा टाकीचा दोष नव्हे.

८. विजेचा ताळेबंद

आता प्रश्न असा की, विद्युत् तापकच का वापरू नये? रात्रीची १०.८ युनिटे बॅटरीतून काढावयाची म्हटली तर काय लागेल ते पाहू. १२ व्होल्ट व १०० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत नावापुरती १२०० वॅट-तास वीज असते आणि तिचे आयुष्य टिकवावयाचे तर निम्मीच वापरावी लागते. अशा १८ बॅटऱ्या लागतील आणि त्यांचे वजन अर्ध्या टनाच्या घरात जाईल. तेच काम सुमारे १.१ किलोग्रॅम डिझेल करते. वीज ही उष्णतेत परिवर्तित करण्याची वस्तू नव्हे. उष्णता हलविण्यासाठी, ज्योतीवर नियंत्रण ठेवण्यासाठी, प्रकाशासाठी व धोक्याची सूचना देण्यासाठी ती राखून ठेवावयाची वस्तू आहे, हा या खात्याचा निष्कर्ष.

तसे केले असता रात्रीची गरज आश्चर्यकारकरीत्या लहान होते. डिझेल-तापकाचा पंखा व पंप यांस सरासरी २० वॅट धरले तर १२ तासांत २४० वॅट-तास, पेटविताना आतील सळई तापविण्यास सुमारे १०, दिव्यांस २०, दोन दूरध्वनी भरण्यास ३०, झरोक्याच्या लहान पंख्यास ३६; एकंदर सुमारे ३४० वॅट-तास.

परंतु थंडी येथेही आडवी येते. शून्याखाली १८ अंशांस शिसे-आम्ल बॅटरीची उपलब्ध धारणा जवळजवळ निम्मी होते. १२०० चे ६०० होतात, आणि त्यातील निम्मेच वापरावयाचे तर हाती ३०० वॅट-तास राहतात. म्हणजे पुण्यात एक रात्र पुरवून वर उरणारी बॅटरी लेहला एका रात्रीसही पुरत नाही, आणि पहाटे चार वाजता, थंडी कडाक्याची असताना, डिझेल भरपूर असूनही तापक बंद पडतो. शिवाय रिकाम्या झालेल्या बॅटरीतील आम्ल पाण्यासारखे पातळ झालेले असते व ते शून्याखाली १० अंशांच्या सुमारास गोठून बॅटरी फुटू शकते. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी थंडीतही वीज बऱ्यापैकी देते. परंतु शून्याखालच्या तापमानात तिच्यात वीज भरली तर आतील ग्रॅफाइटवर लिथियमचा धातुरूप थर चढून तिची कायमची हानी होते. दोहोंवरही उपाय एकच : बॅटरी गाडीच्या बाहेरील अंगास न ठेवता, माणसांबरोबर, उबेत ठेवावी. मात्र शिसे-आम्ल बॅटरी भरताना हायड्रोजन सुटतो, म्हणून ती पूर्ण बंदिस्त जातीची असावी किंवा तिची वाफ नळीने बाहेर काढावी. इंजिन सुरू करण्याची बॅटरी या सर्वांपासून अलग असावी. सकाळी निघता येणे हाही सुरक्षिततेचा भाग आहे.

दिवसा ही वीज भरून काढण्याचे दोन मार्ग आहेत. गाडी तासभर चालविली असता इंजिनावरील जनित्रातून, योग्य उपकरण मध्ये असेल तर, सुमारे ३०० वॅट-तास बॅटरीत जमा होतात. दुसरा मार्ग सौर पट्ट्यांचा. लेहचे आकाश बहुधा स्वच्छ असते आणि थंडीत सिलिकॉनच्या पट्ट्या उन्हाळ्यापेक्षा अधिक कार्यक्षम होतात, ही जमेची बाजू. परंतु लेहच्या अक्षांशावर, सुमारे ३४ अंश उत्तर, २२ डिसेंबरच्या सुमारास भर मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर येतो. छपरावर आडवी टाकलेली पट्टी त्याच्या थेट किरणांपैकी निम्म्याहून किंचितच अधिक पकडते. तीच पट्टी दक्षिणेकडे सुमारे ५८ अंश कलती उभी केली तर मध्यान्हीचे उत्पादन जवळजवळ पावणेदोनपट होते, आणि तिच्यावर साचलेले हिमही घसरून जाते.

९. तापक बंद पडला तर

कोणतेही यंत्र बंद पडू शकते. म्हणून ते पडल्यावर काय होईल याचा हिशेब आधीच केलेला बरा. लडाखी घराच्या जाड मातीच्या भिंती दिवसाचे ऊन साठवून रात्री परत देतात. निवासवाहनापाशी असा साठा नाही. आतील लाकूड, गादी, सामान मिळून १५० किलोग्रॅम धरले तरी आपल्या उदाहरणात ते सुमारे दोन तासांच्या कालस्थिरांकाने थंड होते. पहाटे दोनला तापक थांबला तर चारच्या सुमारास आतील तापमान शून्याखाली ५ अंशांजवळ आलेले असेल. त्यापुढे दोन देहांच्या उबेने ते बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंशांनीच वर राहील.

यावरून बिछान्याविषयीचा नियम निघतो. पांघरूण खोलीच्या तापमानास अनुसरून निवडू नये. ते बाहेरच्या तापमानास पुरेल असेच असावे. तापक हा आराम होय, आणि पांघरूण हा जीवनाधार. पांघरुणास वीज लागत नाही, इंधन लागत नाही, आणि ते विषारी वायू सोडीत नाही. त्यास गरम पाण्याच्या पिशवीची जोड द्यावी. लेहला पाणी सुमारे ८८ अंशांसच उकळते. एक लिटर पाणी ८० अंशांवरून ३५ अंशांपर्यंत निवताना सुमारे ५२ वॅट-तास उष्णता देते, आणि तीही थेट पायांशी. विजेची चादर रात्रभर वापरावयाची तर ५० वॅटप्रमाणे एका रात्रीत आपले संपूर्ण विजेचे खाते संपते. पाणी झोपण्यापूर्वी, जागेपणी, झरोका उघडा ठेवून तापवावे, आणि नंतर ज्योत विझवून मगच निजावे.

१०. उपसंहार

चारही खाती एकत्र ठेवली म्हणजे त्यांचा परस्परसंबंध स्पष्ट होतो. फोम आणि काचेवरील झडपा यांनी गरज ४६०० वॅटवरून ९०० वर आणली नाही, तर पुढचा कोणताही उपाय पुरत नाही. बंदिस्त ज्वलनाचा तापक नसेल तर उष्णता मिळते पण हवा जाते. झरोका बंद केला तर १४० वॅट वाचतात. परंतु पांघरूण भिजते, आणि इतर कोठे चूक झालीच तर तिला प्राणघातक होण्यास वाव मिळतो. वीज उष्णतेसाठी खर्चली तर जिच्यावर उष्णतेचे नियंत्रण अवलंबून आहे तीच संपते.

तापशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील वाहकता, दवबिंदू, सुप्त उष्णता, कालस्थिरांक या संकल्पना विद्यार्थ्यांस बहुधा परीक्षेपुरत्याच भेटतात. प्रस्तुत हिशेबात साध्या गुणाकाराहून अवघड गणित नाही. तरीही दामन किंवा मरी येथील रात्री तेवढा हिशेब कोणी आधी केला असता तर काही जीव कदाचित वाचले असते. थंड प्रदेशात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने आपल्या वाहनाची मापे घेऊन हे आकडे स्वतः मांडून पाहावेत. ते मांडल्यावर पहिली कृती कोणती हे सांगण्याची गरज राहणार नाही : बाहेर कितीही थंडी असो, निजण्यापूर्वी वरचा झरोका चार बोटे उघडा ठेवावा.